आधी सह्या, मग सभा

आमची पतसंस्था बुडाली नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी पैसे घेऊन पळालं नाही, दारावर दगड पडले नाहीत, पेपरात फोटो आला नाही. तसं झालं असतं तर निदान कुणाला तरी पोटभर शिव्या देता आल्या असत्या. आमची पतसंस्था रीतसर गेली. ठराव होऊन, सुनावणी होऊन, शिक्का बसून. आणि त्या ठरावाखाली सगळ्या सह्या आमच्याच होत्या.

मी शिवकन्या हलकुडे. अहमदपूरच्या बारव गल्ली महिला नागरी सहकारी पतसंस्थेची एकतीस वर्षं सचिव. नाव लांबलचक आहे, पण त्यात कुणाचं नाव नाही, फक्त पत्ता आहे. त्याचं असं झालं की नोंदणीच्या वेळी लिंगायत बायकांना अक्कमहादेवीचं नाव हवं होतं आणि बौद्ध बायकांना रमाईचं. आठ दिवस सगळ्यांची तोंडं फुगलेली. शेवटी नोंदणी कार्यालयातला कारकून वैतागला आणि म्हणाला, पत्ता काय तेवढं सांगा. बारव गल्ली, म्हटलं. त्यानं तेच नाव लिहून टाकलं आणि दोन्हीकडच्या बायका आपण हरलो नाही म्हणून खूश झाल्या.

सुरुवात त्याच्याही आधीची, मोंढ्यातली. आडतीवर धान्य चाळायला, निवडायला पंधरावीस बायका यायच्या. संध्याकाळी आडत झाडली की मातीत मिसळलेली तूर, मूग, ज्वारी जी काही निघेल ती झाडणाऱ्या बाईची, असा तिथला रिवाज होता. रत्नम्मा अव्वा ही एका आडतवाल्याची बायको. ती मागच्या दाराशी बसून ते धान्य चाळून, वेगळं करून, मापून घ्यायची, विकायला लावायची आणि आलेले पैसे बायकांच्या हातात न देता आपल्या कोठीतल्या डब्यात ठेवायची. "घरी नेले तर तुझा नवरा पिऊन टाकील. माझ्यापाशी ठेवले तर माझ्या नवऱ्याला पत्ता लागायचा न्हाई," असं तिचं सांगणं. शिकलेल्या लोकांनी मला बचतीचे बरेच फायदे नंतर सांगितले, पण इतकं पटेल असं कुणी सांगितलं नाही.

त्या बायकांची पुढारी नागुबाई सरवदे. नवरा नरसिंग लवकर गेला, पदरात एक मुलगी, धम्मप्रिया. अव्वा लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे. नागुबाई बौद्ध. अव्वा उंबऱ्याच्या आत बसायची, नागुबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची आणि तराजू मध्ये. चार वर्षं हे असंच चाललं आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणजे अव्वाला वाटलं नाही. नागुबाईला कुणी विचारलं नव्हतं. ब्याण्णव साली नोंदणी झाली, पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली आणि चार खुर्च्या आणल्या. अव्वा एका खुर्चीत बसली, दुसरी हातानं ओढली आणि म्हणाली, "नागू, बस." नागुबाई बसली. रिबीन नंतर कापली, फोटोही नंतर काढला, पण मला विचाराल तर पतसंस्थेचं उद्घाटन तेव्हा झालं.

नागुबाई उपाध्यक्ष झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं एक नियम घालून दिला. पतसंस्थेत अंगठा चालणार नाही. तिच्या बापाची जमीन अंगठ्यावर गेली होती. "जिला सही येत न्हाई तिला बाई शिकवील," ती म्हणाली. बाई म्हणजे मी. गल्लीत दहावी पास एवढी एकच सून होती. नागुबाई माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, पण पाटीवर तिला तिच्या नावातला ‘ना’ काढून दिला त्या दिवसापासून तीही मला बाईच म्हणायला लागली. मी तिला मावशी म्हणते.

पहिल्या सर्वसाधारण सभेला चौसष्ट बायका आल्या. सगळ्यांना सही करायची होती आणि सगळ्यांना पूर्ण नाव लिहायचं होतं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. चांगुणा नावाची एक होती, तिच्या एका सहीत चूल पेटून दोन भाकरी झाल्या असत्या. लिहिताना जीभ बाहेर काढायची, मग लांबून बघायची, मग शेजारणीला दाखवायची. तीन वाजता सुरू झालेल्या सह्या दिवेलागणीला संपल्या. मग म्हशी आठवल्या, पोरं आठवली, स्वयंपाक आठवला आणि बायका उठल्या. सभा झालीच नाही. मी अव्वाला म्हटलं, आता काय लिहू? अव्वा म्हणाली, "सह्या झाल्या न्हव? मग सभा झाली. बाकीचं तुला ठाव हायच की."

आणि खरंच मला ठाऊक असायचं. कुणाला शिलाई मशीनसाठी कर्ज हवंय, व्याज किती ठेवायचं, कुणाला जामीन घ्यायचं नाही, हे सगळं गिरणीच्या रांगेत, बारवेच्या पायऱ्यांवर, भाजी निवडता निवडता वर्षभर बोलून झालेलं असायचं. मी प्रोसिडिंगच्या वहीत पुढची चार-पाच पानं कोरी सोडायची, मागच्या पानांवर सह्या घ्यायच्या आणि मग आठवडाभर घरी बसून कोऱ्या पानांवर सभा लिहायची. सूचक रत्नम्मा, अनुमोदक नागुबाई, ठराव सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे, ऑडिटर कौतुक करायचे. मी कधी खोटं लिहिलं नाही. लिहिलं ते सगळं बायकांनी म्हटलेलं असायचं. फक्त सभेत म्हटलेलं नसायचं.

सभेला हळदीकुंकू नसे, कारण नागुबाई विधवा आणि तिच्या वस्तीतल्या बायका ते मानत नसत. गूळ-फुटाणे आणि सही केली की स्टीलची एक वस्तू. एखादं वर्ष वाटी, एखादं वर्ष झाकणाची बरणी. सभेला बायका नटून यायच्या, सही करून भांडं घेऊन जायच्या. एकतीस वर्षांत आमची रीत बदलली नाही, फक्त बायका दोनशेवर गेल्या.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय होतं वाचवण्यासारखं? मोंढ्यासमोर स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली होती, ते सोडा. आमच्याकडे कर्जाला सात-बारा लागत नसे, पगाराची चिठ्ठी लागत नसे. दोन शेजारणींनी येऊन सांगायचं की ही बाई फेडील. बस. धम्मप्रियाचं नर्सिंग त्याच्यावर झालं. ती आता नांदेडला विष्णुपुरीच्या दवाखान्यात नोकरीला आहे. बुडवणाऱ्या बायकाही होत्या, नाही कशाला म्हणू. अशा बाईच्या दारात नागुबाई सकाळी जाऊन बसायची. बोलायची नाही, भांडायची नाही, पाणी दिलं तर प्यायची. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी ती बाई हप्ता घेऊन यायची. हे काम कुठल्या मोठ्या बँकेचा वसुली अधिकारी करील?

अव्वा सतरा साली गेली. तिची सून मंजुश्री अध्यक्ष झाली आणि मंजुश्रीचा नवरा संगमेश्वर, म्हणजे अव्वाचा मुलगा, कारभार बघायला लागला. महिलांच्या पतसंस्थेत हा कोण, असं मी दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही, ही माझी चूक. पोरगा गोड बोलणारा. मला काकू म्हणायचा, खुर्ची द्यायचा, दिवाळीला करंज्या पाठवायचा.

तेवीस सालच्या सप्टेंबरात सभा झाली. दोनशे बारा बायकांनी सह्या केल्या आणि झाकणाचा डबा घेतला. मी नेहमीसारखी पाच पानं कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी लातूरला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संगमेश्वर स्वतः गाडीनं मला आणि यांना लातूरला सोडायला आला. डॉक्टरांनी महिनाभर लिहायला-वाचायला मनाई केली. संगमेश्वर म्हणाला, "काकू, डोळ्याला जपा. प्रोसिडिंगचं टेन्शन घेऊ नका, मी लिहून घेतो." डोळ्यावर पट्टी होती, तरी मी हात चाचपडून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि आशीर्वाद दिला.

नोव्हेंबरात एका दुपारी नागुबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. सत्त्याहत्तरीची बाई, चढ चढून आली होती, धाप लागलेली. मी पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"बाई, हप्त्याचे पैसे भरायला गेलते," ती म्हणाली. "दारावर कागद लावलाय. समदा वाचला मी. लई येळ लागला."

"कसला कागद?"

"आपली बँक नांदेडच्या बँकेत घालून राहिले. सभेत ठराव झाला म्हणं. सूचक मंजुश्री." ती थांबली. "अनुमोदक नागुबाई नरसिंग सरवदे."

कागदावर तिचं नाव का आलं, ते मला लगेच कळलं. ज्यानं कुणी लिहिलं त्यानं मागच्या वर्षीचं माझं पान समोर ठेवलं होतं आणि अनुमोदक म्हणून जे नाव दरवर्षी यायचं तेच उतरवलं होतं.

"तू लिहिला का ठराव?" नागुबाईनं विचारलं.

"नाही गं मावशी. माझ्या डोळ्यावर पट्टी होती."

"मी बी केला न्हाई," ती म्हणाली. "मग केला कुणी?"

मी तशीच उठून संगमेश्वरच्या आडतीवर गेले. तो गादीवर बसला होता. मला बघून उठला, चहा सांगितला. मी चहाला हात लावला नाही आणि मनात होतं ते सगळं तोंडावर बोलले. त्यानं ऐकून घेतलं. हीच त्याची वाईट खोड, तो ऐकून घेतो.

"काकू, ऑडिटला आपला वर्ग घसरला," तो म्हणाला. "कॉम्प्युटर पाहिजे, शिकलेला मॅनेजर पाहिजे, भांडवल वाढवा म्हणतात. आणायचं कुठून? दोन वर्षांत टाळं लागलं असतं. नांदेडवाले ठेवी सांभाळतेत, एकीचा बी पैसा बुडत न्हाई. मी वाचवून राहिलो तुमाला."

"मग सभेत का नाही सांगितलंस?"

"सभा?" तो म्हणाला, आणि खरंच हसला नाही, एवढं त्याचं मी मानते. "काकू, सभा कदी झाली आपल्याकडं?"

मी तशीच घरी आले. नांदेडवाल्यांनी त्याला संचालक केलंय हे मला नंतर कळलं. आणि अहमदपूरचं ऑफिस बंद होणार, मोंढ्यासमोरची जागा विकणार, हिशेब धर्माबादेपासून देगलूरपर्यंतच्या सगळ्या शाखांबरोबर एकत्र होणार, हेही नंतरच. शेजारणीच्या शब्दावर कर्ज कुणी देणार नव्हतं. नांदेडवाल्यांचं नाव मी घेत नाही, घेऊन उपयोग नाही.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. आम्ही अर्ज केला. अर्जदार क्रमांक एक नागुबाई, दोन मी, खाली अडतीस बायका, ज्यांनी बोलायचं आम्हा दोघींवर सोपवलं होतं. नागुबाई दारोदार फिरली. काही बायकांनी सही करायला नकार दिला, संगमेश्वरच्या आडतीवर त्यांचा माल जातो. काही म्हणाल्या, ठेव बुडत नाही ना, मग कशाला? नागुबाई त्यांच्या दारात बसली नाही. मला म्हणाली, "वसुलीला बसता येतं. ह्याला कसं बसावं?"

जानेवारीत लातूरला सहकार खात्याच्या कार्यालयात सुनावणी लागली. आम्ही अठराजणी एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट आणि नागुबाईला पंच्याहत्तरच्या वर म्हणून फुकट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना ती हसली. चाकूर येईपर्यंत तिनं मला तीन वेळा विचारलं की साहेबासमोर काय बोलायचं. मी म्हटलं, खरं ते सांगायचं. ठराव सभेत आला नाही, कुणी वाचला नाही, सह्या आधीच्या आहेत. खरं बोलायला कशाची भीती? अशी मी. रागात असले की मला माझं म्हणणं फार सोपं वाटतं.

साहेब बरे होते. चाळिशीचे, दमलेले, आवाज न चढवणारे. त्यांनी सगळ्या बायकांना बसायला बाकडी मागवली. समोर संगमेश्वर, मंजुश्री आणि नांदेडवाल्यांचा वकील. वकिलानं टेबलावर आमची सगळी प्रोसिडिंगची बाडं रचून ठेवली होती. एकतीस वर्षांचं माझं अक्षर.

मी उभी राहून सगळं सांगितलं. वकील मध्ये एकदाही बोलला नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, या सभेत सह्या आधी घेतल्या आणि ठराव नंतर लिहिला, असं तुमचं म्हणणं."

"हो."

"अशी पद्धत याच वर्षी होती की आधीपासून?"

मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी खरं बोलायला आले होते. "आधीपासून," मी म्हणाले.

त्यानं सगळ्यात खालचं बाड काढलं आणि खुणेचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हे अक्षर तुमचंच ना? जरा मोठ्यानं वाचता?"

मी वाचलं. दिनांक ३० सप्टेंबर १९९३, सकाळी ठीक अकरा वाजता, संस्थेच्या कार्यालयात, अध्यक्षा श्रीमती रत्नम्मा यांच्या अध्यक्षतेखाली, एकोणसत्तर सभासद भगिनींच्या उपस्थितीत खेळीमेळीच्या वातावरणात. एवढं वाचून मी थांबले. लातूर जिल्ह्यात ती तारीख माहीत नाही असा माणूस नाही. त्या पहाटे भूकंप झाला. अकरा वाजता अहमदपुरातलं सगळं गाव पोराबाळांना घेऊन मोकळ्या रानात बसलं होतं. किल्लारीच्या बातम्या येत होत्या आणि माणसं रडत होती. सह्या मी आदल्या दिवशी, गणपती बुडवायच्या गडबडीत, घरोघर जाऊन घेतल्या होत्या. तीस सप्टेंबरच्या आत सभा व्हायला पाहिजे असा नियम, म्हणून तारीख तीस टाकलेली. नंतर महिन्यानं मी नेहमीसारखी सभा लिहिली. खेळीमेळीचं वातावरण हे शब्द मी दरवर्षी लिहायचे.

"चहापानानंतर सभा संपली, असंही पुढं आहे," वकील म्हणाला. तो मोठ्यानं बोलला नाही. "साहेब, एवढंच विचारायचंय. या बाडांतली खरी सभा कुठली?"

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"बाई," ते मला म्हणाले, "तुम्ही म्हणता ते मी जबाब म्हणून लिहून घेतलं तर विलीनीकरण थांबेल. चौकशी लागेल. ते तुम्हाला हवंय, हो ना? पण एकतीस वर्षं खोटं दप्तर लिहिल्याचं तुम्ही स्वतः कबूल करताय. मला तुमच्यावर गुन्हा नोंदवायला सांगावं लागेल. त्या ठरावांवर जी कर्जं दिली, त्यातलं जे आलं नसेल ते तुमच्याकडून वसूल करा असंही निघू शकतं. घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग विचार करून सांगा. मी लिहायला लावू?"

तरी मी म्हणाले, "लिहा." खोटं कशाला सांगू, त्यात धैर्य कमी आणि संताप जास्त होता. संगमेश्वरसमोर मागे हटायचं नव्हतं, एवढंच. कारकुनानं कागद पुढं ओढला.

तेवढ्यात मागच्या बाकड्यावरून नागुबाई उठली.

"सायेब, थांबा," ती म्हणाली. पदर खोचून ती टेबलापाशी आली. "बाईचं डोळ्याचं आपरेशन झालंय. तवापासून तिला नीट आठवत न्हाई. मी सांगते. सभा झाली. ठराव वाचला. समद्या बायांनी हात वर केले."

मला वाटलं मी चुकून काही भलतंच ऐकतेय. "मावशी," मी म्हणाले.

"तू गप बस गं."

साहेबांनी कागद बघितले. "तुम्ही नागुबाई ना? अर्जदार क्रमांक एक?"

"हाव."

"मग हा अर्ज कशाला केला?"

"तवा समजलं न्हाई. आता समजलं. अर्ज मागं घेते."

"ठरावाला अनुमोदन तुम्ही दिलं होतं?"

"हाव," नागुबाई म्हणाली. "माझंच नाव हाय की तितं."

ती हे म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. ही बाई तीस वर्षं त्या पतसंस्थेत रोज सकाळी दहाला येऊन बसत होती. तिला तिथं पगार नव्हता. घरी एकटीच, लेक विष्णुपुरीला. गावात दुसऱ्या कुठल्या दारात तिला कुणी नागुबाई, या, बसा म्हणालं असेल तर मला माहीत नाही. अर्जासाठी तिनं सगळी गल्ली पालथी घातली होती. तिला पतसंस्था माझ्याहून दहापट हवी होती. आणि ती तिथं टेबलावर दोन्ही हात टेकवून, साहेबांच्या डोळ्यात बघून, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलत होती, ते माझ्यासाठी.

मागच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी रडायला लागली. संगमेश्वर खाली मान घालून बसला होता. वकील आपली बाडं एकावर एक नीट लावत होता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. त्यांना सुटकेचा रस्ता सापडला होता आणि तो ते मला देत होते. "सचिव बाई," ते म्हणाले, "या सांगतात ते खरं का? ठराव सभेत वाचला होता?"

मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही. मला वेळ होता. साहेब घाई करत नव्हते. नाही म्हटलं असतं तर नागुबाईचं बोलणं वाया गेलं असतं आणि पतसंस्था राहिली असती, निदान चौकशी होईपर्यंत राहिली असती. पण ती बोलत होती तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. माझं घर राहणार होतं. पोलीस येणार नव्हते. या वयात गल्लीतून कुणाबरोबर चालत जावं लागणार नव्हतं. एका बाजूला माझा जीव तिच्यासाठी तुटत होता आणि दुसऱ्या बाजूला मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल मावशी, बोल, थांबू नकोस.

"हो," मी म्हणाले. "वाचला होता."

साहेबांनी मान हलवली आणि कारकुनाला सांगितलं, अर्ज मागे घेतला म्हणून लिहा. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. मार्चमध्ये बारव गल्लीचा बोर्ड उतरवला.

बाहेर आवारात बायका लिंबाखाली जमल्या होत्या. कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणी नागुबाईशीही बोललं नाही. सगळ्यांना वाटत होतं ती फितूर झाली आणि तिच्यामुळे मला हो म्हणावं लागलं. दोघीतिघी तर तिच्या अंगावर जाऊन बोलल्या, संगमेश्वरनं किती दिले म्हणून. नागुबाई पदर सावरून स्टँडकडे चालायला लागली. मी तिथं उभी होते. मी एका शब्दानं सांगू शकले असते की तिनं हे माझ्यासाठी केलं. पण ते सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं.

बस सुटायला अर्धा तास होता. ती स्टँडच्या बाकावर माझ्याशेजारी बसली, चपला काढल्या, पाय चोळायला लागली.

"का केलंस मावशी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"बँक जाऊनच राहिली व्हती," ती म्हणाली. "आज न्हाई तर उंद्या. वर तू बी गेली असतीस." मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं तू हाव म्हणलीस. मला लई भ्या वाटत व्हतं. म्हणलं, ही रागीट हाय, खऱ्याला सोडायची न्हाई, माझं ऐकायची न्हाई."